अभिप्रायाची वही

खोली नंबर दोनचे पाहुणे उठले
तेव्हा कोंबडासुद्धा झोपलेला होता.
मी चहात गवती चहा टाकला
आणि ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसं
दात दिसतील एवढं हसले.

ही खोली म्हणजे आमचा कोठा.
ढोरं विकली, तेव्हा रिकामी पडली.
समितीनं टाइल्स दिल्या, गिझर दिला,
सोमाजी मिस्त्रीनं कमोड बसवला तो भिंतीकडे तोंड करून,
मग शिव्या खात पुन्हा बसवला.
बाहेरून मी शेणाचाच हात फिरवलाय.
पाहुणे भिंतीचे फोटो काढतात.
टाइल्सचा अजून कुणी काढला नाही.

ट्रेनिंग ग्रामपंचायतीत होतं. लाइट जात येत होती.
मॅडमनी पडद्यावर एक गाव दाखवलं, आफ्रिकेतलं.
गवतानं शाकारलेल्या गोल झोपड्या,
पुढं टाळ्या वाजवणाऱ्या बाया,
मागं, आपल्याकडं बैल उभे असावेत तसे, हत्ती.
बघा, मॅडम म्हणाल्या, यांनी करून दाखवलं.
त्यात एक जण टाळी वाजवत नव्हती.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
नजर फोटोवाल्याच्या पलीकडं कुठंतरी,
चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी.
मी तिचं नाव विचारलं.
मॅडमनी पुढचं चित्र लावलं.

तिलाही रोज कळत असेल,
गाडी दारात थांबताच, कुणी बोलायच्या आत:
दिसला, की नाही दिसला.
नाही दिसला, तर पाटोडीचा रस्सा जहाल लागतो,
गादी टोचते, गिझरला वेळ लागतो.
दिसला, तर तोच रस्सा
दोनदा मागून घेतात, नाक पुसत पुसत.

आज दिसली. वाघीण.
दादांनी कॅमेऱ्यात दाखवली, मोठी करून,
मिश्या मोजता येतील एवढी.
मी म्हटलं, जरा बाजूला सरकवता का?
डावीकडं. अजून थोडं.
तिथं दगडी काठ होता,
दगडाला दोराची खाच होती,
दोन बोटं मावतील एवढी खोल.
त्यातली निदान एक रेघ माझी आहे.
नवी नवरी होऊन आले तेव्हापासून
गाव उठवलं त्या सालापर्यंत
रोज सकाळी सोळा बादल्या.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगितलं की पाहुणे गप्प होतात,
भाकर अर्धी ठेवतात,
आणि मग वहीत इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहितात.
आत जायला तिकीट लागतं, जिप्सी लागते, गाइड लागतो.
गाइड आमच्याच घरात आहे,
पण तोही मला नेऊ शकत नाही
रिकाम्या सीटवरसुद्धा.
म्हणून मी माझं गाव
पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात बघते, वाघाच्या आजूबाजूला.
एकदा मोहाचं झाड सापडलं होतं, झिंगराबाईच्या अंगणातलं.
एकदा नुसतं जातं, गवतात पालथं.

फक्त एवढंच म्हटलं,
दादा, हा फोटो पाठवाल मला?
हो हो, का नाही, ते खूश झाले.
वहीत लिहिलं: वाघीण पाहिली. जेवण घरच्यासारखं.
गरम पाणी कमी पडलं.

रात्री फोन वाजला. फोटो आला.
चांगला केला होता त्यांनी, रंग उजळून,
चारी बाजूंनी कापून.
वाघीणच वाघीण.

इंदरशा ओसरीवर बूट काढत होता.
मी फोन त्याच्या पुढं धरला नाही.
विचारलं,
"त्या विहिरीले पानी हाय का जी अजून?"
"हाय ना. खात्यानं पंप बसवला उन्हावरचा.
पानवठा भरते त्याच्यावर. म्हनून तं येते ते तिथी."
"अजून गोडच हाय?"
त्यानं बूट उलटा करून माती झटकली.
"तिले विचार," म्हणाला.

मग दोघंही हसलो, ट्रेनिंगमध्ये न शिकवलेलं,
आणि मी चादरी भिजत घातल्या.
शुक्रवारी पुण्याचे चौघे आहेत.
त्यातल्या एकाला तिखट चालत नाही.